सात नंबरवरची बदली

अक्का टायपिंग शिकली ती अर्धी क्लासमध्ये आणि अर्धी आमच्या घरातल्या पाटावर. क्लासमध्ये रोज एकच तास मिळायचा, आणि मशीन अडलं तर तोही अर्धाच. म्हणून तिनं घरातला एक जुना पाट घासून घेतला, त्यावर पांढऱ्या रंगानं बारीक चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत एकेक अक्षर काढलं. संध्याकाळी चुलीवरचा तवा उतरला की ती तो पाट मांडीवर घेऊन बसे. नजर समोरच्या कॅलेंडरवर आणि दहाही बोटं पाटावर. ओळ संपली की मशीनची घंटी वाजते, तशी ती तोंडानं ‘टिंग’ म्हणायची आणि डाव्या हातानं हवेतलाच दांडा सरकवायची. मला त्या ‘टिंग’चं फार हसू येई. मी मुद्दाम मधेच ‘टिंग’ म्हणून तिची ओळ मोडायची, आणि ती न चिडता पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायची. तिच्यासारखा धीर माझ्यात कधीच नव्हता. आजही नाही.

आम्ही जळगावात जिनच्या मागच्या गल्लीत राहत होतो. कापसाची सरकी वेगळी करून रुई काढायचा तो कारखाना, त्याला सगळे नुसतं ‘जिन’ म्हणत. आबा, म्हणजे आमचे वडील, सुरतेकडे कामाला गेले ते तिकडचेच झाले. मागे राहिलो आम्ही तिघी, आई, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की आमच्या गल्लीत सगळ्या गोष्टींवर पांढरी बारीक रुई बसायची. दोरीवरच्या लुगड्यांवर, तुळईवर, झाकून ठेवलेल्या पाण्यावरसुद्धा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना आई परातीतून रुईचे तंतू उचलून बाजूला टाकत असे आणि तरी घासात एखादा यायचाच. भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत, आणि वर रुई. खोकला तर गल्लीतल्या प्रत्येक घरात होता, त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. घड्याळ कुणाकडेच नव्हतं. जिनचा भोंगा वाजला की उठायचं, दुसरा वाजला की बायका निघायच्या, तिसऱ्याला जेवण, चौथ्याला सुट्टी. या चार वेळा सोडून भोंगा वाजला तर त्याचा अर्थ एकच होता. कुणालातरी लागलं. अवेळी भोंगा झाला की गल्लीतलं माणूस हातातलं असेल ते टाकून फाटकाकडे धावे.

आई सात नंबरच्या यंत्रावर होती. टोपलीतून कापूस उचलायचा आणि फिरत्या रुळाच्या तोंडाशी टाकत राहायचा, एवढंच काम. रुई एका बाजूला पडे, सरकी खाली. पण ओला किंवा कचऱ्याचा कापूस आला की रुळाशी बोळा बसायचा, आणि तो काढायला प्रत्येक बाईपाशी हातभर लांबीची बाभळीची दांडी असे. सगळी यंत्रं एकाच लांब दांड्यावर, पट्ट्यांनी फिरायची. एक थांबवायचं तर पट्टा उतरवावा लागे, आणि मुकादम नाना तसं कुणालाही करू देत नसत. म्हणून यंत्र चालू ठेवूनच दांडीनं बोळा उडवायचा. हाताला आठवड्याभरात त्याची सवय होई. माझ्या हाताला झाली होती, कारण बदलीवर मीच जात असे.

बदली ही आमच्या जिनची रीत होती. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तिनं घरातली दुसरी बाई त्या दिवशी पाठवायची. हजेरीत नाव मूळ बाईचंच लागायचं. पाठवली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या यंत्रावर फाटकाबाहेर ताटकळणारी कुणीतरी उभी दिसे आणि जागा गेलेली असे. मी नववीत होते, तरी अंगानं थोराड, त्यामुळे नाना काणाडोळा करायचे. अक्काला मात्र आईनं जिनच्या फाटकात कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. घरात तिला विळीही हातात घेऊ देत नसे. “तिना बोटेस्ले कचेरीमा जानं शे,” असं ती गल्लीतल्या बायकांना सांगायची. त्या हसायच्या. आई हसत नसे. अक्काची सरकारी परीक्षा महिन्यावर आली होती आणि क्लासचे सर म्हणाले होते, ही पहिल्या फटक्यात निघेल.

त्याच दिवसांत शाळेत संमेलनाची वक्तृत्व स्पर्धा होती. इतिहास शिकवणाऱ्या सोनवणे सरांनी मला विषय दिला, ‘शोधांनी बदललेली अमेरिका’. वाचनालयातलं एक जुनं पुस्तकही दिलं. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची चित्रं होती. तारायंत्रापुढे बसलेला माणूस, शिवणयंत्रावर वाकलेल्या बायका, भिंतीवरचा टेलिफोन, विजेचा दिवा, आणि उंच गळ्याचा झगा घालून टाइपरायटरवर बसलेली एक बाई. अक्कानं ते चित्र किती वेळ पाहिलं असेल. भाषणात माझं एक वाक्य होतं, ‘टाइपरायटरने बायकांना कचेरीचे दार उघडून दिले.’ तेवढं वाक्य अक्का भाकऱ्या करतानाही म्हणायची. पुस्तकात सरकी काढायच्या यंत्राचंही चित्र होतं. शोध जरा आधीचा, पण पसरला त्या शतकात. मी सरांना म्हटलं, हे तर आमच्या जिनमध्ये आहे. सर खूश झाले. “मग तू यावरच जोर दे. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?” आणि आम्ही दोघांनी मिळून वाक्य केलं, ‘या यंत्राने कष्टकऱ्यांची बोटे सरकी सोलण्याच्या त्रासातून कायमची सोडवली.’ त्याच पानावर पुढे लिहिलं होतं की यंत्र आल्यावर कापसाची शेती वाढली आणि त्या शेतांत राबायला आणखी गुलाम आणले गेले. मी तेही लिहून नेलं होतं. सरांनी त्यावर पेन्सिलीनं काट मारली. पाच मिनिटांत बसत नाही म्हणाले. सर वाईट नव्हते. पण त्या काटेचा मला पुढे फार राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आई तापानं फणफणली. संध्याकाळी गोधडीत गुरगुटून तिनं मला हाक मारली. “बेबी, माले उठता येत नही. सकाय तू जाय मनी बदलीवर.” मी म्हटलं, “उद्या चाचणी आहे. बुडवली तर नापास करतील.” हे मी किती सहज म्हटलं. आईला शाळेतलं काही कळत नसे, तिनं ते खरं धरलं. भाषण आहे असं खरं सांगितलं असतं, तर तिनं मला हाताला धरून फाटकापर्यंत पोचवलं असतं. भाषणासाठी जागा घालवायची नसते हे तिला माहीत होतं आणि मलाही. अक्का पाट मांडीवर घेऊन बसली होती. तिची बोटं थांबली. “मी जाते ना,” ती म्हणाली, “एका दिवसाचं काय.” आई “नही, तू नही” असं दोनदा पुटपुटली, पण ताप तिला बोलू देत नव्हता. स्पर्धा त्याच दिवशी आहे हे मी अक्कालाही सांगितलं नव्हतं. संमेलनात कधीतरी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

सकाळी आम्ही दोघी बरोबरच निघालो. अक्कानं आईचं जुनं लुगडं खोचून नेसलं होतं, वेणी वर बांधली होती, आणि ती आईसारखी मुळीच दिसत नव्हती. फाटकापाशी तिनं विचारलं, “बेबी, तिथं करायचं काय असतं नेमकं?” मी मनात भाषणाचं दुसरं पान म्हणत होते. ओळ तुटू नये म्हणून मी पटकन म्हटलं, “काही नाही गं. टोपलीतला कापूस टाकत राहायचा.” आणि शाळेच्या रस्त्याला लागले. दांडीचा शब्द माझ्या तोंडात आला नाही. विसरले असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. विसरले हे खरंच आहे, पण का विसरले तेही मला ठाऊक आहे.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. माझा नंबर मधल्या सुट्टीनंतर आला. तार झाली, शिवणयंत्र झालं, टेलिफोन झाला, असं म्हणत मी सरकीच्या यंत्राशी आले, आणि भोंगा वाजला. दुपारच्या जेवणाचा भोंगा होऊन गेला होता, सुट्टीच्या भोंग्याला अजून वेळ होता. हॉलमध्ये आमच्या गल्लीतल्या पाचसहा मुली होत्या. त्या एकमेकींकडे न बघताच उठल्या, चपला हातात घेतल्या आणि धावत बाहेर गेल्या. परीक्षकांना काय झालं ते कळेना. सोनवणे सरांनी मला हातानं खूण केली, चालू ठेव. मी क्षणभर थांबले. मनात आलं, आई तर घरी गोधडीत आहे, मग आपलं कोण आहे तिथं? आणि मी पुढचं वाक्य म्हटलं. बोटं सोडवल्याचं वाक्य. जोर देऊन म्हटलं. अक्का मला आठवली ती टाळ्या वाजत असताना.

मला बक्षीस मिळालं हे खाली उतरतानाच कळलं, कारण माझ्यानंतर बोलणारं कुणी उरलं नव्हतं आणि परीक्षकांना गाडी गाठायची होती. स्टीलचा एक डबा. त्यावर ठोकून घेतलेली अक्षरं होती, ‘वक्तृत्व स्पर्धा, प्रथम क्रमांक’, आणि खाली तारीख. तो डबा दप्तरात कोंबून मी पळाले. फाटकाशी गर्दी पांगली होती. शेजारच्या कमलमावशी तिथं उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, “सिव्हिलमा लई गयात तिले.” सरकारी दवाखान्यात वऱ्हांड्यातल्या खाटेवर अक्का होती. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. केसांत, भुवयांवर रुई तशीच होती, कुणी पुसली नव्हती. अंगठा आणि करंगळी राहिली होती, मधली तिन्ही बोटं गेली होती. आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, तापलेली, अंगावर गोधडीच घेऊन आलेली. अक्कानं मला पाहिलं आणि ती म्हणाली, “बोळा बसला होता. मी पटकन काढायला गेले. हातानं काढायचं नसतं हे मला कुणी सांगितलंच नाही गं, बेबी.” ती तक्रार करत नव्हती. जे झालं ते सांगत होती. मी दप्तर छातीशी धरून उभी राहिले. डबा आत टोचत होता.

पुढचं जे झालं ते मला आजही शांतपणे लिहिता येत नाही. चार दिवसांनी आई मुकादम नानांकडे गेली, मी सोबत होते. नाना वयानं मोठे, आईला लेकीसारखं मानणारे. त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. “गिरजाबाई, हजेरीमा तुनं नाव शे. आनी तू ते धडधाकट उभी शे. मंग लागनं कोनले?” आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. दहाच्या दहा बोटं. ज्या रीतीनं आमची जागा इतकी वर्षं राखली होती, त्याच रीतीनं अक्का त्या दिवशी जिनमध्ये नव्हतीच. अपघाताच्या तपासाला सरकारी साहेब येणार होता. त्यासाठी नानांनी एक कागद तयार ठेवला होता. मुलगी आईला भाकरी द्यायला आली, दांडी दिलेली असूनही तिनं स्वतःच्या चुकीनं यंत्राला हात लावला, असं त्यात होतं. मी तो वाचून दाखवला. आईनं पुन्हा एकदा वाचायला लावला. मग तिनं अंगठा पुढे केला. बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले, रस्त्यात, लोकांदेखत. ती म्हणाली, “सारं गयं, बेबी. आते जागा बी जाऊ देऊ का?” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भोंग्याला ती सात नंबरवर उभी होती. जिन बंद पडेपर्यंत ती त्याच यंत्रावर होती. त्या रुळाकडे ती रोज कशी बघत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझ्याकडे विचारायला तोंडच नव्हतं.

डबा मी पत्र्याच्या पेटीत, जुन्या गोधड्यांच्या तळाशी घातला. तारीख कोरलेली नसती तर कदाचित फडताळात ठेवलाही असता. बक्षिसाचं घरी कुणाला सांगितलं नाही. सोनवणे सरांनी दोनदा विचारलं, आई काय म्हणाली. फार खूश झाली, असं मी सांगितलं.

हाताची जखम भरून आल्यावर अक्का एकदाच क्लासला गेली, आणि मला घेऊन गेली. सरांना म्हणाली, “माझ्या जागी हिला बसवा.” त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. मग दोन वर्षं मी शिकले, तासभर क्लासमध्ये आणि संध्याकाळी पाटावर. अक्का माझ्याकडे पाठ करून ज्वारी निवडत बसे, डाव्या हातानं, आणि नुसत्या आवाजावरून म्हणे, “चुकलं. करंगळी उशिरा पडली.” मी रडकुंडीला यायची. माझ्यात ती चपळाई नव्हती, अक्कात होती. ती कधी ‘टिंग’ म्हणाली नाही आणि मीही नाही. पाटावरची अक्षरं माझ्या बोटांखाली हळूहळू पुसली गेली. पास झाले, धुळ्याला सरकारी कचेरीत लागले, आणि निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांनी बोललेलं टाइप करत राहिले. लोक माझ्या वेगाचं कौतुक करायचे तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटे.

अक्काचं लग्न ठरता ठरता हातावर येऊन अडलं, दोनदा, आणि मग तिनंच तो विषय बंद केला. पुढे गल्लोगल्ली टेलिफोनची बूथ निघाली तेव्हा अपंगांच्या वाट्यातून तिला एक मिळालं, बसस्टँडजवळ. त्यासाठी दाखला लागायचा. डॉक्टरांनी विचारलं, कुठं झालं, आणि अक्का म्हणाली, “घरी.” तिथं ती पंधराएक वर्षं बसली. रिसीव्हर खांद्यात धरून डाव्या हातानं आकडे फिरवायची. कुणी केळीचा भाव विचारायचं, कुणी मयताची खबर द्यायचं, कुणी नुसतं मुंबईतल्या मुलाचा आवाज ऐकून रडायचं. धुळ्याला माझ्या कचेरीत फोन करून ती म्हणे, “काही नाही, लाइन मोकळी होती.” मग मोबाइल आले आणि बूथही गेलं. आई त्याच्या आधीच गेली, खोकून खोकून.

गेल्या महिन्यात मी जळगावला अक्काकडे गेले होते. ती आता एका खोलीत एकटी राहते. चहा मी करते म्हटलं आणि साखरेसाठी फळीवर हात घातला. आईच्या माघारी पेटी अक्कानंच आवरली होती, हे मला माहीत होतं. डब्याचं मी तिला विचारलं नव्हतं, तिनंही काढलं नव्हतं. दरवेळी चहा तीच करायची, आणि मी दाराशी खुर्ची टाकून बसायची. तो डबा फळीवर होता. घासून घासून चकचकीत, पाठमोरा ठेवलेला. मी तो फिरवला. तारीख अजून वाचता येत होती.

स्टोव्हवरचा चहा तसाच उकळत ठेवून मी खाली बसले. म्हटलं, “अक्का, त्या दिवशी चाचणी नव्हती.”

“माहीत आहे.”

“आणि दांडीचं तुला मी सांगायचं होतं. तू विचारलं होतंस.”

अक्का उठली. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, वेळ लागतो. डबा माझ्या हातातून घेत ती म्हणाली, “दांडी नानांनी दिली होती मला. चांगली हातात दिली होती. मीच बाजूला ठेवली. बोटांचा माज होता मला.”

सिव्हिलच्या वऱ्हांड्यात ती काय म्हणाली होती ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तिलाही आठवत असणार. नानांचं ते वाक्य, ज्या कागदावर आईनं अंगठा दिला त्या कागदावरचं, आता अक्का माझ्यासाठी स्वतःच्या तोंडानं म्हणत होती. मी तिला खोटं पाडू शकले नाही. तिनं चहा गाळला, डब्यातली दोन चमचे साखर डाव्या हातानं माझ्या कपात घातली, झाकण तळव्यानं दाबून बसवलं आणि डबा फळीवर होता तसा, भिंतीकडे तोंड करून ठेवला. “ढवळून घे,” ती म्हणाली, “साखर खाली बसते.”